पांढऱ्या थराशी थांबून

आज एकच वस्तू हातात घ्यायची. घरात बोअरचं पाणी तापवायचं एखादं पातेलं असेल, त्याच्या तळाला पांढरा थर धरलेला असेल. चमच्याच्या दांड्यानं तो हलकेच खरवडा. नखाएवढा पापुद्रा सुटेल. तो तळहातावर घ्या आणि घरातल्या त्यातल्या त्यात गार कोपऱ्यात बसा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार तसंही कुठं जाता येत नाही. तो वेळ आज या पापुद्र्याला द्या.

दहावी संपली आहे आणि अकरावी सायन्सचे वर्ग अजून सुरू व्हायचेत, अशा मुलामुलींसाठी हे मनन आहे. त्यांच्या शेजारी बसून स्वतःची जुनी उजळणी करू पाहणाऱ्या आईवडिलांसाठीही आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत रसायनशास्त्र विखुरलेलं असतं. नववीत द्रव्याचं मोजमाप आणि आम्ल, आम्लारी, क्षार. दहावीत आवर्ती वर्गीकरण, अभिक्रिया आणि समीकरणं, धातुविज्ञान, कार्बनी संयुगं. मधे गुरुत्वाकर्षण येतं, भिंगं येतात, विद्युतधारा येते. परीक्षेच्या दृष्टीनं हे सोयीचं असेल, पण मनात या धड्यांची एकमेकांशी ओळखच होत नाही. एका पदार्थापाशी पुरेसा वेळ थांबलं तर हे सगळे धडे त्याच्याच अंगावर लिहिलेले सापडतात, असं मला मनापासून वाटतं. म्हणून पुस्तक मिटलेलं राहू द्या. वही आणि पेन्सिल जवळ असू द्या.

आधी नुसतं बघा. नाव घेऊ नका. रंग पांढरा, थोडा मळकट. वास नाही. दोन बोटांत दाबला तर कडकन तुटतो, वाकत नाही. ग्लासभर पाण्यात एक तुकडा टाका आणि ढवळा. तो तळाशी जातो आणि तसाच बसून राहतो.

इथे थांबा. हा पापुद्रा पाण्यातूनच आला. काल-परवा तो त्याच पाण्यात होता आणि पाणी तर स्वच्छ, आरपार दिसत होतं. म्हणजे तेव्हा तो विरघळलेला होता, आणि आता विरघळायला तयार नाही. हे कसं? उत्तराकडे धावू नका. थोडा वेळ या प्रश्नातच राहा.

मिठाचं काय होतं ते आठवा. मिठाच्या पाण्याचं बशीत ऊन खाऊन बाष्प झालं की मीठ उरतं, आणि पुन्हा पाणी घातलं की पुन्हा विरघळतं. जे गेलं तेच परत आलं. तो भौतिक बदल. पातेल्यात मात्र पाणी उडून जायच्या आधीच, नुसतं तापल्यावर, थर बसायला लागला आणि जे खाली बसलं ते आता पाण्याला दाद देत नाही. म्हणजे पाण्यात जे होतं ते वेगळं होतं आणि तळाशी आहे ते वेगळं. मधे कुठेतरी पदार्थच बदलला. शाळेत ‘भौतिक बदल आणि रासायनिक बदल’ असे दोन रकाने आखून आपण दहा-दहा उदाहरणं पाठ करतो. हे एक उदाहरण पुरेसं आहे, फक्त त्याच्याजवळ बसायला हवं.

आता त्याचा मागोवा घेऊ. सोलापूरच्या खाली काळा दगड आहे, बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. या दगडातल्या खनिजांत कॅल्शिअम आहे. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडासा सोबत घेऊन येतं आणि मातीत मुरताना मुळांच्या व जिवाणूंच्या श्वसनातून सुटलेला आणखी घेतं. अशा पाण्यात अगदी सौम्य आम्ल तयार होतं, कार्बोनिक आम्ल. ते दगडाला आणि काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांना हळूहळू झिजवतं, आणि कॅल्शिअम पाण्यात उतरतं ते कॅल्शिअम बायकार्बोनेट होऊन. बायकार्बोनेट विरघळतं. ते दिसत नाही. तेच पाणी दोनशे-तीनशे फुटांवरून मोटारीनं वर येतं, आपण ते पातेल्यात ओततो आणि गॅस लावतो. उष्णतेनं बायकार्बोनेट फुटतं. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, थोडं पाणी तयार होतं आणि कॅल्शिअम कार्बोनेट मागे राहतं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून खाली बसतं. न विरघळणारा पदार्थ द्रवातून असा वेगळा पडतो, त्याला अवक्षेप म्हणतात.

तुमच्या तळहातावर आहे तो हा अवक्षेप. आता त्याचं नाव घ्यायला हरकत नाही: कॅल्शिअम कार्बोनेट. पण पूर्णपणे तेवढंच नाही. त्यात थोडं मॅग्नेशिअमही असणार, थोडी माती आणि पातेल्याचा अंशही. म्हणजे पापुद्रा हे मिश्रण, त्यातलं कॅल्शिअम कार्बोनेट हे संयुग, आणि त्या संयुगात कॅल्शिअम, कार्बन, ऑक्सिजन ही तीन मूलद्रव्यं. मिश्रणात प्रमाण कसंही असू शकतं. शेजारच्या घरातल्या थरात मॅग्नेशिअम जास्त असेल. संयुगात मात्र प्रमाण ठरलेलं. सोलापूरच्या पातेल्यातलं असो की शिंपल्यातलं, कॅल्शिअम कार्बोनेटमध्ये तिन्ही मूलद्रव्यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर तेच. कार्बनला काळा कोळसा म्हणून आपण ओळखतो, ऑक्सिजन दिसत नाही, आणि शुद्ध कॅल्शिअम हा चकाकता धातू आहे, जो पाण्यात टाकला तर हायड्रोजनचे बुडबुडे सोडतो. या तिघांतला एकही गुण या पांढऱ्या पापुद्र्यात उरलेला नाही. यावर हवा तेवढा वेळ थांबा. मूलद्रव्यं हजर आहेत आणि त्यांचे गुण गेले आहेत, ही गोष्ट शंभर वेळा वाचूनही अंगवळणी पडत नाही. ती हातात धरावी लागते.

वहीत पहिलं समीकरण शब्दांत लिहा. कॅल्शिअम बायकार्बोनेट, बाण, कॅल्शिअम कार्बोनेट अधिक पाणी अधिक कार्बन डायऑक्साइड. मग त्याखाली चिन्हांत. सोलापुरात एकाच वर्गात कुणाच्या घरी तेलुगू असते, कुणाच्या घरी कानडी, कुणाच्या उर्दू, पण चिन्हं सगळ्यांच्या वहीत सारखीच. स्वीडनच्या बर्झेलिअसनं १८१३-१४ च्या सुमारास मूलद्रव्यांना अक्षरं द्यायची पद्धत घातली, ती आजतागायत चालू आहे. आता अणू मोजा. बोट ठेवून, एकेक. डावीकडे कॅल्शिअम एक, हायड्रोजन दोन, कार्बन दोन, ऑक्सिजन सहा. उजवीकडे? कॅल्शिअम एक. हायड्रोजन दोन, ते पाण्यात. कार्बन एक कार्बोनेटमध्ये आणि एक वायूत, मिळून दोन. ऑक्सिजन तीन, एक आणि दोन, मिळून सहा. सगळे सापडले.

अणूंऐवजी वस्तुमानं घाला. कॅल्शिअम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १. डावीकडे १६२ येतात. उजवीकडे कार्बोनेटचे १००, पाण्याचे १८, वायूचे ४४. बेरीज पुन्हा १६२.

समीकरण संतुलित करणं म्हणजे गुण मिळवायची युक्ती, असं बऱ्याच मुलांच्या मनात बसतं. आधी धातू मोजा, मग अधातू, ऑक्सिजन शेवटी, ही रीत उपयोगी आहे, पण ती कशासाठी आहे ते हरवतं. अणू नाहीसे होत नाहीत आणि नवे येत नाहीत, फक्त त्यांची संगत बदलते. कुणी नुसतं सांगितलं म्हणून हे मान्य झालेलं नाही, ते तराजूवर ठरलं. स्कॉटलंडचा जोसेफ ब्लॅक याने चुनखडी आणि तिच्यासारख्या पदार्थांवरचे प्रयोग १७५६ साली प्रसिद्ध केले. तो प्रत्येक टप्प्याला वजन करत होता. चुनखडी भाजली की हलकी होते, कारण तिच्यात बांधलेली एक हवा निघून जाते, आणि ती हवा परत दिली की गेलेलं वजन परत येतं. ही बांधलेली हवा म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. पुढे फ्रान्समध्ये लाव्हाझिएनं १७८९ च्या आपल्या ग्रंथात वस्तुमान अक्षय राहतं हा नियम रसायनशास्त्राच्या पायाशी ठेवला. त्यानंतर पाच वर्षांनी, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, त्याला गिलोटीनवर चढवलं. आपण ज्याला सोपा म्हणून दोन मार्कांचा प्रश्न समजतो, तो नियम माणसांनी ग्रॅम-ग्रॅम तोलून मिळवला आहे.

आता लिंबू आणा. पापुद्र्याचा तुकडा चमच्यानं बारीक करा, बशीत ठेवा आणि वर लिंबाचा रस पिळा. कान जवळ न्या. बारीक चुरचुर ऐकू येईल आणि पुडीभोवती फेस दिसेल. जे पाण्याला दाद देत नव्हतं ते आम्लासमोर विरघळतं आहे. अख्खा तुकडा ठेवला असता तर हेच हळू झालं असतं. बारीक केल्यानं रसाला भिडायला जास्त पृष्ठभाग मिळाला.

हा फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. लिंबातलं सायट्रिक आम्ल तीन हायड्रोजन आयन देऊ शकतं. कार्बोनेटला दोन लागतात. इथे वहीत थोडं अडखळायला होतं, आणि अडखळावंच. तीन आणि दोन यांचा मेळ सहावर बसतो: सायट्रिक आम्लाचे दोन रेणू सहा हायड्रोजन आयन देतील, ते तीन कार्बोनेटना पुरतील. म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट तीन, सायट्रिक आम्ल दोन. उजवीकडे कॅल्शिअम सायट्रेट एक, पाणी तीन, कार्बन डायऑक्साइड तीन. संयुजांचा तिरकस गुणाकार आपण यांत्रिकपणे करतो तो हाच. कॅल्शिअमची संयुजा दोन, सायट्रेटची तीन, म्हणून कॅल्शिअम तीन आणि सायट्रेट दोन. धन प्रभार सहा, ऋण प्रभार सहा.

पण कॅल्शिअमची संयुजा दोनच का? डोळे मिटा आणि एक अणू मनात आणा. केंद्रकात २० प्रोटॉन. बाहेर २० इलेक्ट्रॉन, कवचांत वाटलेले: २, ८, ८, २. शेवटच्या कवचातले दोन जरा सैल. ते गेले की मागे अरगॉनसारखी भरलेली मांडणी राहते आणि अणूवर दोन धन प्रभार येतात. कॅल्शिअमचं सगळं वागणं या दोन इलेक्ट्रॉनांतून येतं. आवर्तसारणीत त्याच्या वर मॅग्नेशिअम, खाली स्ट्रॉन्शिअम आणि बेरिअम. सगळ्यांच्या शेवटच्या कवचात दोन. म्हणून तर सगळ्यांचे कार्बोनेट पांढरे आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारे. इलेक्ट्रॉनचा पत्ताही नव्हता तेव्हा जर्मनीत डोबेरायनरच्या लक्षात आलं होतं की कॅल्शिअम, स्ट्रॉन्शिअम, बेरिअम यांचं एक त्रिक आहे. मधल्याचं अणुवस्तुमान ८७.६, आणि दोन टोकांच्या ४०.१ व १३७.३ यांची सरासरी ८८.७. अगदी नेमकं नाही, पण योगायोग म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. १८६९ मध्ये मेंडेलीव्हनं सगळीच मूलद्रव्यं अशा नात्यांनी मांडली. आवर्तसारणी पाठ करायला माझी हरकत नाही, पहिली वीस मूलद्रव्यं तर तोंडपाठ हवीतच. विसावं कोण, ते तुमच्या तळहातावर आहे.

त्या दोन इलेक्ट्रॉनांना घेतलं कुणी? कार्बोनेटनं. एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन आपसात इलेक्ट्रॉन वाटून घेऊन घट्ट बसलेले असतात, तो सहसंयुज बंध. या चौघांच्या गटावर मिळून दोन ऋण प्रभार असतात. हा गट आणि कॅल्शिअम विरुद्ध प्रभारांमुळे एकमेकांना धरून राहतात, तो आयनिक बंध. फळ्यावर हे दोन प्रकार दोन बाजूंना लिहितात. पापुद्र्यात ते एकाच ठिकाणी आहेत. लिंबू पिळलं तेव्हा दोन्ही बंधांवर घाव पडला: आधी आयन सुटले, मग कार्बोनेटचा गटही फुटला आणि एक ऑक्सिजन पाण्यात गेला.

मोजमाप राहिलं. मोल या शब्दाला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. मंगळवेढ्याची ज्वारी कुणी दाणे मोजून विकत नाही. वजन करतात, आणि एका किलोत साधारण किती दाणे हे हवं असेल तर काढता येतं. अणूंचंही तेच केलं आहे. दाणा अतिशय बारीक, म्हणून पोतंही तसंच मोठं घ्यावं लागलं: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, हा अ‍ॅव्होगॅड्रो अंक. इतके कण म्हणजे एक मोल. कॅल्शिअम कार्बोनेटच्या एका मोलचं वस्तुमान किती? ४०, १२ आणि तीन वेळा १६. बरोबर १०० ग्रॅम. हिशेबाला इतकं सोयीचं संयुग दुसरं शोधून सापडायचं नाही. समजा, तुमचा पापुद्रा एक ग्रॅमचा आहे. म्हणजे एका मोलचा शंभरावा भाग. त्यात कॅल्शिअमचे आयन किती? सहा कोटी कोटी कोटी. एक कोटी, त्याच्या कोटी पट, त्याच्या पुन्हा कोटी पट, आणि ते सहा वेळा. कल्पना करायला जाऊ नका, होणार नाही. फक्त हे बघा की हा आकडा एका साध्या भागाकारानं तुमच्या हाती आला.

आणि लिंबानं तो पूर्ण विरघळवला तर वायू किती सुटेल? एक मोलला एक मोल, म्हणून इथेही एका मोलचा शंभरावा भाग: ०.४४ ग्रॅम. उन्हाळ्यातल्या हवेत त्याची जागा पाव लिटरहून थोडी जास्त होते. नखावर मावेल इतक्या दगडात पेलाभर वायू बांधलेला होता.

आम्लाचा विषय निघालाच आहे, तर जिल्ह्यातल्या उसाकडे वळू. उसाच्या ताज्या रसाचा सामू पाच-साडेपाचच्या आसपास असतो, म्हणजे रस किंचित आम्ल. तसाच तापवला तर साखरेचे रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि तेवढी दाणेदार साखर हातची जाते. म्हणून कारखान्यात रसात चुन्याचं दुधासारखं दाट मिश्रण घालतात. चुना आम्लारी, त्यानं आम्लाचं उदासिनीकरण होतं. चुना जास्त झाला तरी पंचाईत, रस काळवंडतो. मग गंधक जाळून केलेला सल्फर डायऑक्साइड त्यात सोडतात. तो आम्लधर्मी. चुना आणि तो वायू मिळून कॅल्शिअम सल्फाइटचा अवक्षेप पडतो आणि खाली बसताना रसातला मळ सोबत घेऊन जातो. शेवटी सामू सातच्या जवळ राखायचा. इथे सामूचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण तो साधी मोजपट्टी नाही. सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये हे माप दिलं. त्यात एक अंक वाढला की हायड्रोजन आयन दहापट कमी होतात. पाचाचा रस सातावर आणला म्हणजे हायड्रोजन आयन शंभराव्या हिश्शावर आणले.

आम्ल की आम्लारी ते रंगानं सांगणारे दर्शक बघायला प्रयोगशाळेत जायला नको. जेवताना सोलापुरी चादरीवर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरातलं. साबणाचं पाणी आम्लारीधर्मी असतं, हळद तिथे रंग बदलते. लिंबू लावा, पुन्हा पिवळी होईल. पंढरपूरच्या बाजारातलं जुन्या पद्धतीचं कुंकू याच गुणावर उभं आहे: मूळ हळदच, तिला चुना किंवा टाकणखारासारख्या आम्लारीधर्मी पदार्थानं लाल केलेली. साबणावरून आठवलं, जड पाण्यात त्याला फेस का येत नाही तेही आता कळेल. कॅल्शिअमचा आयन साबणातल्या सोडिअमची जागा घेतो आणि जो पदार्थ होतो तो विरघळत नाही, चिकट साय होऊन बादलीच्या कडेला बसतो. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही त्याच्या मागेही कॅल्शिअमच आहे. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला तो आणखी घट्ट बांधतो.

आता एक प्रयोग, सावकाश. पानाच्या टपरीवरचा चुना चमचाभर घ्या, तांब्याभर पाण्यात ढवळा, रात्रभर राहू द्या. हात लावू नका, डोळ्यांजवळ नेऊ नका, तोंडात तर मुळीच घालू नका. सकाळी वरचं नितळ पाणी काचेच्या ग्लासात अलगद ओता. ही चुन्याची निवळी. यात थोडं सोडावॉटर घाला. ग्लास दुधाळ होईल. निवळीतलं कॅल्शिअम हायड्रॉक्साइड आणि सोड्यातला कार्बन डायऑक्साइड मिळून कॅल्शिअम कार्बोनेट झालं, म्हणजे तुमचा पापुद्राच, पण अतिशय बारीक कणांत. हे सगळ्या पुस्तकांत असतं. बहुतेक वर्गांत प्रयोग इथेच संपतो. तुम्ही संपवू नका. आणखी सोडावॉटर घाला. आणखी. दूध विरळ होत जाईल आणि एका क्षणी ग्लास पुन्हा आरपार दिसेल.

काय झालं ते सांगायची घाई नको. बघा आणि थांबा.

जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडनं कार्बोनेटचं बायकार्बोनेट झालं आणि ते विरघळलं. सोलापूरच्या जमिनीखाली पाऊस जे करतो ते तुमच्या ग्लासात झालं. हे पाणी पातेल्यात घालून उकळा, पुन्हा गढूळ होईल. म्हणजे आपण पहिल्यांदा लिहिलेलं समीकरण दोन्ही दिशांनी चालतं. वायू दाटला की डावीकडे, उष्णतेनं वायू निघून गेला की उजवीकडे. दहावीपर्यंत आपण बाण एकाच दिशेनं काढतो. तो दोन्ही दिशांचा असतो तेव्हा अभिक्रिया कुठे थांबते, हा अकरावीतला मोठा विषय आहे, आणि त्याचं उदाहरण तुमच्यापाशी आधीच आहे.

चुन्याचंही असंच चक्र आहे. चुनखडी भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजली की १०० ग्रॅममधून ४४ ग्रॅम वायू जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना राहतो. त्यावर पाणी घातलं की तो फसफसून विरतो आणि इतका तापतो की वाफ निघते. ही उष्मादायी अभिक्रिया. विरलेला चुना बांधकामात वापरला की तो वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत राहतो आणि परत चुनखडी होतो. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या दगडांमधल्या सांध्यांत हात फिरवाल तेव्हा हे लक्षात असू द्या. तिथला चुना ब्लॅकच्या तराजूच्या कितीतरी आधीपासून आपलं गेलेलं वजन परत मिळवत आला आहे.

एका ठिकाणी मात्र कॅल्शिअमचा हात सोडावा लागतो. शुद्ध धातू पाण्यात टाकण्याची गोष्ट सोडली तर आतापर्यंतच्या कुठल्याच अभिक्रियेत त्यानं आपले दोन धन प्रभार सोडले नाहीत. संगत बदलली, प्रभार नाही. ऑक्सिडीकरण आणि क्षपण पापुद्र्यातल्या कॅल्शिअमकडून शिकता येणार नाही. त्यासाठी सूत रंगवणाऱ्यांकडे जाऊ, शहराच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. तिथे पहिली गोष्ट करतात ती कॅल्शिअम काढून टाकायची, कारण जड पाण्यात रंग नीट बसत नाही, पट्टे उठतात. सॉफ्टनरमधल्या राळेच्या मण्यांवर सोडिअमचे आयन असतात. पाणी त्यातून गेलं की कॅल्शिअमचा एक आयन मण्यावर अडकतो आणि सोडिअमचे दोन सुटतात. दोन धन प्रभारांच्या बदल्यात दोन. मणी भरले की मिठाचं दाट पाणी सोडून उलटी अदलाबदल करतात.

मग रंग. चादरीच्या पक्क्या रंगांत व्हॅट जातीचे रंग असतात आणि नीळ त्या सगळ्यांत जुनी. निळीची पूड पाण्यात विरघळत नाही. न विरघळणारा रंग सुताच्या आत जाणार कसा? हौदात कॉस्टिक सोडा आणि हायड्रो घालतात. हायड्रो म्हणजे सोडिअम हायड्रोसल्फाइट. ते निळीला इलेक्ट्रॉन देतं. निळीचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन घेतो, त्याचं क्षपण होतं, आणि तो विरघळतो. त्याबरोबर त्याचा निळेपणाही जातो. हौदातलं पाणी पिवळट हिरवं दिसतं. सुताच्या लड्या त्यात बुडवतात, फिरवतात. लडी वर काढली की ती पिवळट हिरवीच असते. कामगार ती दांडीवर पसरतो. काही क्षणांत कडा हिरव्या होतात, मग तो हिरवा गडद होत निळ्याकडे सरकतो, घड्या उघडून हवा लागेल तिथे आधी आणि आतल्या बाजूला नंतर. हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन परत काढून घेतो आहे. हे ऑक्सिडीकरण. रंग पुन्हा न विरघळणारा झाला, पण आता तो धाग्याच्या आत आहे, म्हणून धुऊन जात नाही.

ही लडी मनात पसरलेली ठेवा आणि शेवटचं समीकरण लिहा. क्षपण झालेल्या निळीचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि त्यांच्यासोबत हायड्रोजनचे दोन आयन. ऑक्सिजनचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेऊन पाणी होतो. तर ऑक्सिजनच्या एका रेणूला निळीचे किती रेणू लागतील, पाण्याचे किती होतील? आधी इलेक्ट्रॉन जुळवा, मग हायड्रोजन मोजा, ऑक्सिजन शेवटी.